ब्रेक मऊ लागतोय? आधी निदान, मग खर्च

ब्रेक दाबल्यावर पाय जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही, आणखी खाली जातो. किंवा दोन-तीनदा पंप मारल्याशिवाय ब्रेक धरत नाही. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेला एक गाडीवाला ८०० रुपये देऊन बाहेर पडतो, तर दुसरा १५,००० रुपयांचं बिल घेऊन. दोघांच्या गाडीतला बिघाड दरवेळी वेगळा असतोच असं नाही. पुष्कळदा फरक असतो तो तपासणीत. एकाच्या मेकॅनिकनं आधी कारण शोधलं, दुसऱ्याच्यानं एकेक पार्ट बदलत अंदाज घेतला आणि त्या प्रत्येक अंदाजाचे पैसे गिऱ्हाइकानं मोजले.

म्हणून या मार्गदर्शनाचं सूत्र साधं आहे: निदानासाठी पैसे द्या, अंदाजासाठी देऊ नका. ब्रेकच्या कामात काटकसर करायची जागा हीच. पार्टच्या दर्जात ती करायची नाही.

पुढचे आकडे आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या छोट्या पेट्रोल हॅचबॅक किंवा सेडानसाठी आहेत. पुढे डिस्क, मागे ड्रम, अशी या गाड्यांची रचना असते. दर अंदाज बांधण्यासाठी दिले आहेत. मॉडेल, गाव आणि गॅरेज यांप्रमाणे ते कमी-जास्त होतील. एसयूव्ही आणि महागड्या गाड्यांचा खर्च सहज दीडपट-दुप्पट धरावा.

आधी ठरवा: गाडी चालवायची की उचलून न्यायची?

पेडल पार खाली टेकत असेल, दाबून धरल्यावर हळूहळू बसत असेल, चाकाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीखाली ओल दिसत असेल, अथवा हँडब्रेक सोडूनही डॅशबोर्डवरचा लाल ब्रेक दिवा विझत नसेल, तर गाडी चालवत नेऊ नका. ‘गॅरेज जवळच आहे’, ‘हळू नेतो’ हे विचार बाजूला ठेवा. टो करून नेण्याचा शहरातल्या शहरात अंदाजे १,५०० ते ३,००० रुपये खर्च येतो. विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्सची जोड असेल तर बहुधा तोही वाचतो. पॉलिसी आजच उघडून ते कलम आणि मदतीचा क्रमांक पाहून ठेवा.

पेडल थोडं मऊ आहे पण दरवेळी त्याच जागी धरतंय, तेलाची पातळी ठीक आहे आणि ओल कुठेच नाही, असं असेल तर कमी रहदारीत, सावकाश, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येईल. घाट आणि हायवे मात्र नकोच.

चालत्या गाडीत पेडल अचानक खाली गेलं तर इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की पायाचा दाब वाढवणाऱ्या बूस्टरची मदत जाते, स्टिअरिंगही जड होतं. पेडल भराभर पंप करा. एरवी एबीएसच्या गाडीत पंप मारायचा नसतो, पण पेडल खाली टेकतंय अशा वेळी पंपानं थोडा दाब परत मिळू शकतो. एकेक गिअर खाली घेत वेग कमी करा. हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. झटक्यात ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते.

पेडल मऊ का होतं?

पायाचा दाब आधी बूस्टर वाढवतो. मग मास्टर सिलिंडर तो दाब ब्रेक ऑइलमध्ये उतरवतो आणि पाइपांमधून ऑइल तो चारही चाकांपर्यंत पोचवतं. पुढच्या चाकांत कॅलिपरचा पिस्टन डिस्कवर पॅड दाबतो. मागच्या चाकांत व्हील सिलिंडर दोन शू, म्हणजे गॅरेजच्या भाषेत लायनर, ड्रमवर दाबतो. द्रव दाबला तरी त्याचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं. या सगळ्या रचनेचा भरवसा त्यावरच आहे. हवा आणि वाफ मात्र दाबली जातात. नळीत हवेचा बुडबुडा शिरला किंवा ऑइलमधलं पाणी तापून त्याची वाफ झाली, की पायाची मेहनत चाकापर्यंत पोचण्याआधी बुडबुडा दाबण्यातच खर्च होते.

यातून कारणांचे चार गट पडतात: ऑइलमध्ये हवा किंवा वाफ आहे, ऑइल बाहेर गळतंय, ऑइल आतल्या आत, मास्टर सिलिंडरच्या सीलवरून मागे सटकतंय, किंवा ऑइल ठीक आहे, पण लायनर ड्रमपासून इतका दूर गेलाय की पेडलचा बराचसा प्रवास ते अंतर भरण्यातच संपतो.

एक गफलत इथेच टाळा. पेडल दगडासारखं कडक झालं असेल आणि जोर लावूनही गाडी थांबत नसेल, तर ती तक्रार वेगळी. तिथे बूस्टर, त्याची व्हॅक्यूमची नळी किंवा डिझेल गाडीतला व्हॅक्यूम पंप तपासतात. मऊ पेडलसाठी कोणी थेट बूस्टर बदलायला सांगत असेल, तर थांबून कारण विचारा.

गॅरेजला जाण्याआधीच्या पाच तपासण्या

यांना हत्यार लागत नाही, पैसाही लागत नाही. गाडी सपाट जागेवर उभी करा आणि चाकांना दगड किंवा विटा लावा.

१. पातळी पाहा. बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला पांढरट प्लास्टिकची ब्रेक ऑइलची टाकी दिसते. तिच्यावर मिनिमम आणि मॅक्सिममच्या खुणा असतात. पॅड झिजत जातात तशी पातळी महिनोन्‌महिने थोडी थोडी उतरते, ते स्वाभाविक आहे. आठवड्या-पंधरवड्यात उतरली तर गळती आहे. अनेक गाड्यांत हायड्रॉलिक क्लचही याच टाकीतून ऑइल घेतो, म्हणून क्लचकडची गळतीही लक्षात ठेवा. नुसतं टॉपअप करून गाडी पुढे दामटणं म्हणजे गळती झाकणं.

२. रंग पाहा. नवं ऑइल फिकट पिवळं, जवळपास पारदर्शक असतं. गडद तपकिरी किंवा काळपट झालं असेल तर बदलण्याची वेळ होऊन गेली आहे. पण रंग चांगला दिसला म्हणून ऑइल चांगलं असं समजू नका. त्यात मुरलेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही.

३. दाबून धरा. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोरानं दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. ते एका जागी राहायला हवं. हळूहळू खाली बसत गेलं तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून दाब सोडतोय. मग इंजिन बंद करून चार-पाच पंप मारा आणि पुन्हा धरून पाहा.

४. पंप करून पाहा. दोन-तीन भरभर पंपांनी पेडल वर येतंय का? वर येऊनही लवचीक लागत असेल तर हवेचा संशय घ्या. वर येऊन टणक लागत असेल तर मागच्या लायनरच्या ॲडजस्टमेंटचा.

५. हँडब्रेक ओढून पाहा. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. ते एरवीपेक्षा लक्षात येण्याइतकं वर धरत असेल, तर दोष बहुधा मागच्या ड्रममधल्या फटीत आहे. पूर्वी पाच-सहा खटक्यांत धरणारा हँडब्रेक आता दहापर्यंत ओढावा लागत असेल तर संशय आणखी पक्का.

या पाचही तपासण्यांची उत्तरं कागदावर लिहून मेकॅनिकला द्या. ‘ब्रेक बरोबर नाही’ एवढंच सांगितलं की तो पहिल्यापासून शोधतो. ‘धरून ठेवल्यावर पेडल बसतं, पातळी मात्र तेवढीच आहे’ असं सांगितलं की निम्मं काम झालेलं असतं.

कारण आणि खर्च: स्वस्तापासून महागाकडे

जुनं ऑइल, लाइनमध्ये हवा. मऊ पेडलचं हे सर्वांत नेहमीचं आणि सर्वांत स्वस्त कारण. आधी ब्रेकचं काम झालं असेल आणि तेव्हापासून पेडल मऊ असेल, तर पहिला संशय इथेच घ्या. ५०० मिलीची ब्रेक ऑइलची बाटली २०० ते ३५० रुपयांना मिळते. पूर्ण ऑइल बदलायला साधारण दोन बाटल्या हाताशी असाव्यात. एअर काढण्याची मजुरी गल्लीतल्या गॅरेजमध्ये ३०० ते ६००, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ७०० ते १,२०० रुपये. हजार-पंधराशेत काम होतं.

मागचे लायनर ढिले किंवा झिजलेले. ड्रम उघडून साफ करणं, अडकलेला ॲडजस्टर सोडवणं आणि फट बरोबर करणं याला ४०० ते ८०० रुपये मजुरी. लायनरच संपले असतील तर दोन्ही चाकांचा सेट ७०० ते १,५०० रुपये. लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. एकच बाजू बदलली तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

व्हील सिलिंडर गळतोय. मागच्या चाकाच्या आत, टायरच्या कडेला तेलकट ओल दिसते. ड्रम काढल्यावर सिलिंडरचं रबरी बूट अलगद उचललं की आतून ऑइल ओघळतं. एक सिलिंडर ३०० ते ७०० रुपयांना येतो. एक गेला असेल तर दुसराही तेवढाच जुना आहे. जोडीनं बदललेला बरा. ऑइलनं भिजलेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवायला कोणी सांगितलं तर नकार द्या. ऑइल त्यात मुरलेलं असतं, तो नीट धरत नाही.

होज पाइप फुगतोय. चाकाजवळचा रबरी होज जुना झाला की त्याला भेगा पडतात. काही वेळा तो दाब आला की फुगतो. एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं प्रत्येक होज नीट पाहायचा, एवढ्यानं ते कळतं. होज ३०० ते ९०० रुपये. कोकणपट्टीत आणि खाडीकाठच्या शहरांत लोखंडी ब्रेक पाइपही गंजतात. तिथे गाडी लिफ्टवर घेऊन पाइप संपूर्ण लांबी पाहून घ्यावेत.

कॅलिपरची गळती. सील किट २०० ते ५०० रुपये, मजुरी दोन चाकांची ६०० ते १,२०० रुपये. पिस्टनला गंज चढून खड्डे पडले असतील तर किट टाकून उपयोग नाही. नवा कॅलिपर २,५०० ते ६,००० रुपयांपर्यंत जातो.

मास्टर सिलिंडर. बाहेर कुठेही ओल नाही, पातळी कायम, आणि धरून ठेवलेलं पेडल तरी बसतंय, असं असेल तरच मास्टर सिलिंडरकडे वळावं. अपवाद एकच: तो मागच्या बाजूनं गळत असेल तर ऑइल बूस्टरमध्ये शिरतं. अशा वेळी पातळी उतरते पण बाहेर थेंबही दिसत नाही. सिलिंडर बूस्टरपासून सोडवून मागची बाजू पाहिली की ओल सापडते. अख्खा मास्टर सिलिंडर १,५०० ते ४,००० रुपये, मजुरी ६०० ते १,५०० रुपये, शिवाय ऑइल. रबरांचं किट स्वस्त असतं, पण आतली भिंत चरे पडलेली किंवा गंजलेली असेल तर ते थोड्याच दिवसांत पुन्हा सोडतं. हा पार्ट अख्खा बदलणंच शहाणपणाचं.

व्हील बेअरिंग किंवा वाकडी डिस्क. खडबडीत रस्ता किंवा मोठं वळण संपल्यावर पहिलाच ब्रेक खोल जातो आणि दुसरा बरोबर लागतो, हे याचं लक्षण. हलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते. यात एअर कितीही काढली तरी फरक पडत नाही. गाडी उचलून चाक हातानं हलवून पाहायचं.

एबीएस युनिट. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. या युनिटमध्ये हवा अडकली तर नुसत्या पंपानं ती निघत नाही. स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह आणि मोटर चालवावी लागते. त्याचे ५०० ते १,५०० रुपये वेगळे. युनिटच बदलायचं म्हटलं तर खर्च २०,००० रुपयांच्या पुढे जातो. त्यामुळे बाकीची सगळी कारणं तपासून बाद केल्याशिवाय या खर्चाला होकार देऊ नका आणि दुसऱ्या ठिकाणी मत घ्या.

एअर काढण्याचं काम समोर उभं राहून पाहा

हे काम नीट झालं का, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ते समजायला अवघडही नाही. चाकामागे एक छोटं निपल असतं. त्यावर पारदर्शक नळी लावतात आणि नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवतात. गाडीत बसलेला माणूस पेडल दाबून धरतो, चाकाजवळचा निपल सैल करतो. नळीतून बुडबुडे आणि काळपट ऑइल येतं. पेडल वर सोडण्याआधी निपल बंद व्हायलाच हवं, नाहीतर सोडताना हवा परत आत ओढली जाते. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ अशा हाका सुरू असतात. बुडबुडे थांबून नळीत स्वच्छ पिवळं ऑइल दिसेपर्यंत हे चालतं, मग पुढचं चाक.

चार गोष्टींवर नजर ठेवा.

चारही चाकांचं काम होतंय ना? सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. कंपनीच्या मॅन्युअलमधला क्रम अंतिम धरावा.

टाकीतली पातळी मध्येच तळाला गेली का? गेली तर वरून पुन्हा हवा शिरते आणि काम पहिल्यापासून करावं लागतं.

जुन्या गाडीत पेडल दरवेळी पार खालपर्यंत दाबलं जातंय का? मास्टर सिलिंडरचं रबर एरवी जिथे जात नाही अशा गंजट भागात गेलं तर ते फाटतं. साध्या एअर काढण्यातून मास्टर सिलिंडरचा खर्च उभा राहतो तो असा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून हे टाळता येतं.

कॅलिपरचं निपल वरच्या बाजूला आहे ना? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला तर निपल खाली येतं, हवा वर अडकून राहते आणि कितीही ऑइल काढलं तरी पेडल मऊच राहतं.

ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, ते रंग उचलतं. आणि टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही पडू देऊ नका. त्यानं सगळी रबरं फुगतात आणि मग कॅलिपरपासून मास्टर सिलिंडरपर्यंत सगळंच बदलण्याची पाळी येते. असं झालं असेल तर पेडल न दाबता गाडी तिथेच उभी ठेवा.

ऑइल कोणतं घ्यायचं?

टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. ही अमेरिकेच्या परिवहन खात्याची प्रतवारी आहे. कोरड्या, नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ चा २३० अंश. हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हेच किमान आकडे १४० आणि १५५ अंशांवर येतात. म्हणून गाडी कमी चालली तरी ऑइल म्हातारं होतंच. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. नेमकी मुदत तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे.

झाकणावर जे लिहिलंय तेच घाला. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळ्या जातीचं आहे, ते यांत कधीच मिसळायचं नाही. डॉट ५.१ चं नाव सारखं वाटलं तरी ते ग्लायकॉलचंच असतं. बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा. गॅरेजच्या फळीवर कित्येक महिने अर्धवट उघडी पडलेली बाटली ओलावा पिऊन बसलेली असते.

घाट उतरताना मऊ झालेला ब्रेक

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरलं की माणसांसकट १,२०० किलोच्या गाडीची जी ऊर्जा मुरवावी लागते, तिच्यात साधारण ५० लीटर पाणी उकळीला आणता येईल. यातली बरीचशी उष्णता इंजिन आणि वारा घेऊ शकतात, पण ती संधी द्यायची की सगळा भार ब्रेकवर टाकायचा, हे ड्रायव्हरच्या हातात असतं. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की कॅलिपर तापतो, त्यातलं पाणी मुरलेलं ऑइल उकळतं आणि वाफेमुळे पेडल खाली जातं. गाडी तासभर उभी केली की पेडल पुन्हा बरं लागतं. ‘आपोआप बरा झाला’ म्हणून विषय सोडू नका. ऑइल बदलल्याशिवाय तो पुढच्या घाटात पुन्हा तेच करणार.

पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर ऑइल उकळलेलं नाही, पॅड अतितापलेत. दोन्हींत लगेच करायचं ते एकच: सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. उतरताना, ज्या गिअरमध्ये तो घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही सर्वांत स्वस्त ब्रेक-देखभाल आहे.

खर्चाचे तीन नमुने

ऑइल बदलणं आणि एअर काढणं: दोन बाटल्या ६०० + मजुरी ५०० = १,१०० रुपये.

मागचे दोन्ही व्हील सिलिंडर आणि लायनर: सिलिंडर १,००० + लायनर १,२०० + ऑइल ३०० + मजुरी १,००० = ३,५०० रुपये.

मास्टर सिलिंडर: पार्ट ३,००० + ऑइल ६०० + मजुरी १,२०० = ४,८०० रुपये.

हे आकडे बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे धरलेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी जास्त पडेल. सप्टेंबर २०२५ च्या बदलांनंतर वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. पार्टच्या एमआरपीत तो धरलेलाच असतो. मजुरीवर वेगळा लागतो का, हे मात्र एस्टिमेट घेतानाच विचारा. साध्या छोट्या गाडीचं मऊ पेडलचं काम १०,००० च्या पुढे चाललं असेल तर प्रत्येक पार्टमागचं कारण मागा.

कुठे वाचवायचं, कुठे नाही

गाडी वॉरंटीत असेल तर पहिली फेरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच. ब्रेकमधला दोष वॉरंटीत बसत असेल तर पैसे कशाला घालवायचे? वॉरंटी संपलेल्या गाडीचं ऑइल, लायनर, व्हील सिलिंडर ही कामं चांगला गॅरेजवाला तितकीच नीट करतो. एबीएसचा स्कॅनर लागणार असेल तर तो त्याच्याकडे आहे का, हे आधी विचारा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांची ब्रेक-रचना वेगळी असते, त्या अधिकृत सेंटरलाच न्याव्यात.

तपासणीचे वेगळे २०० ते ५०० रुपये मागितले तर खुशाल द्या. काम तिथेच केलं तर अनेक जण ते बिलातून वजा करतात. हे प्रश्न आधीच विचारा: कारण कसं शोधलं? पेडल धरून पाहिलं का? ड्रम उघडताना मला बोलवाल का? जुना पार्ट परत द्याल ना? सरळ काम करणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

पार्ट ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या. पाकिटावर कंपनीचं नाव, पार्ट नंबर, एमआरपी आणि पॅकिंगचा महिना छापलेला असतो. पॅड, रबर आणि होज यांत नकली माल सापडतो. दोनशे रुपयांची बचत करून तो पायाखाली घेऊ नका. सर्व्हिस पॅकेजमध्ये ‘ब्रेक क्लीनिंग’ लिहिलेलं असेल तर त्यात ड्रम उघडतात का, ऑइल बदलतात का, हे स्पष्ट करून घ्या. अनेक कंपन्या पावसाळ्याआधी मोफत तपासणीची शिबिरं घेतात. तिथून तपासणीचा अहवाल मिळवा आणि दुरुस्ती कुठे करायची ते घरी येऊन ठरवा.

गाडी ताब्यात घेताना

इंजिन सुरू करण्याआधी पेडल चार-पाचदा पंप करा. पॅड बदलल्यावर पिस्टन मागे गेलेले असतात, त्यामुळे पहिला दाब पार खाली जाऊ शकतो. पेडल पंप न करता गाडी मागे घेतली की गॅरेजच्या दारातच धडक बसते. मग अर्धा मिनिट धरून पाहा, टाकीची पातळी पाहा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारा. नवे पॅड बसायला पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर लागतात. त्या काळात ब्रेकची पकड थोडी कमी वाटू शकते. पेडल खाली बसणं मात्र तेव्हाही चालणार नाही.

बिलात पार्ट नंबर, ऑइलचा प्रकार, मजुरी आणि किलोमीटर लिहून घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे घेऊनही दोष तसाच राहिला तर आधी गॅरेजला लेखी कळवा. व्हॉट्सअॅपवरचा निरोपही जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. तेही पुरेसं ठरलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. अशा वेळी जुना पार्ट, पक्कं बिल आणि सुरुवातीला कागदावर लिहिलेली लक्षणं हाच तुमचा पुरावा असतो.

बिल मिळालं की आणखी एक काम त्याच दिवशी करा. फोनच्या कॅलेंडरमध्ये पुस्तकात दिलेल्या मुदतीची ब्रेक ऑइलची तारीख टाका, शक्यतो मे महिन्यात, पावसाळा आणि कोकणच्या फेऱ्या सुरू होण्याआधी. दोन वर्षांतून एकदाचा तो हजार-बाराशेचा खर्च वेळेवर केला, तर वर लिहिलेल्या यादीतले बरेचसे खर्च तुमच्या वाट्याला फार उशिरा येतील, आणि घाटात पेडल खाली जाण्याचा प्रसंग बहुधा येणारच नाही.